श्रीमंत किनाऱ्यावरचे आमचे राहणे

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त चार शब्द बोलावेत असे चिटणीसांचे पत्र आले, तेव्हा विषयही त्यांनीच नेमून दिला होता. कळंगुटसारख्या गावात राहणे म्हणजे काय, ते आपल्या फोंडा-डिचोलीच्या आणि मुंबई-बेळगावच्या सभासदांना सांगा, असे त्यांनी लिहिले होते. आणि पत्राच्या तळाशी, थोडे विनोदी असले तरी चालेल, अशी एक ओळ होती. त्या ओळीबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. पण या विषयामागे दुसरा कोणता विषय दडलेला आहे, हे या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत आपल्या कळंगुटच्या घराचा ठराव यायचा आहे. त्यावर आम्ही शेवटी बोलू. आधी नेमून दिलेले काम.

आमचे पाहुणे अंगणात पाय ठेवताच म्हणतात, "तुमचे काय बुवा, समुद्र दाराशी!" त्यांना खरे सांगितले तर पटत नाही. आम्ही समुद्रावर जातो ते वर्षातून मोजके दिवस. चवथीला गणपती पोचवायला, नारळी पौर्णिमेला नारळ टाकायला, आणि पाहुण्यांची मुले हट्ट धरतात तेव्हा त्यांचे कपडे सांभाळायला. एरवी समुद्र आमच्यापासून तीनशे पावलांवर असला तरी मध्ये दोन हॉटेले, एक दारूचे दुकान, भाड्याच्या दुचाक्यांची रांग आणि मोटारींचा तळ एवढे ओलांडून जावे लागते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तर आम्ही भाजी आणायलाही घराबाहेर पडत नाही. नाताळाच्या आदल्या दिवशीच तांदूळ, कांदे, औषधाच्या गोळ्या भरून ठेवतो, आणि दोन तारखेला पुन्हा दार उघडतो. आमच्या आजीच्या काळी अशी बेगमी पावसाळ्यापूर्वी होत असे. मे महिन्यात सुके बांगडे, सोले, चिंच, मिरच्या, उकडे तांदूळ भरले जात. त्याला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. आता आमचे पुरुमेंत नाताळाचे.

ज्यांनी तो किनारा मुक्तीपूर्वी पाहिला आहे अशी माणसे आता थोडी उरली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा आम्ही सहा वर्षांचे होतो, त्यामुळे थोडे डोळ्यांनी पाहिलेले आणि बरेच वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले असे सांगतो. समुद्रकाठी वाळूच्या टेकड्या होत्या. त्यांवर मर्यादवेल पसरलेली असे. जांभळी फुले येत. तिच्या नावाचा अर्थ पुष्कळ वर्षांनी आम्हांस कळला. तिच्या पलीकडे माणसाने घर बांधायचे नाही, एवढा साधा नियम सगळ्या गावाला माहीत होता, आणि त्याला कागद लागत नसे. टेकड्यांच्या आत भाटे, भाटांत मुंडकारांची मातीची घरे, त्याही आत शेते, आणि पूर्वेला सडा. सड्याच्या पायथ्याला झरी. त्या झरीचे पाणी आणि वाळूखालचे विहिरीचे गोडे पाणी यांवर सगळे गाव जगत होते. समुद्र एवढ्या जवळ आणि विहीर गोडी, याचे बाहेरच्यांस नवल वाटे.

पाहुणे तेव्हाही येत. मे महिन्यात म्हापशाची, पणजीची, अगदी मुंबईची मंडळी हवापालटाला येत; त्याला मुदांस म्हणत. बैलगाड्यांतून अंथरुणे, भांडी, कोंबड्या, आजीबाई असा सगळा संसार येई आणि महिनाभर भाड्याच्या घरात राही. खारे पाणी अंगाला चांगले, म्हणून पहाटे बायका साडीनिशी समुद्रात बसत. पहिला पाऊस पडला की गाड्या परत. जाताना ते आमच्या आईला नाव घेऊन विचारत, पुढच्या वर्षी घर ठेवाल ना? पाहुणा आणि घरमालक एकमेकांची बारशी-बारावी जाणत.

हे सांगताना आमच्या डोळ्यांसमोर सुंदर चित्र उभे राहते, आणि म्हणूनच इथे थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ते गाव गरीब होते. मुंडकाराचे घर भाटकाराच्या जमिनीत, आणि भाटकाराच्या मर्जीवर. माड त्याचे, नारळ त्याचे; पाडेली वर चढला की खाली पडलेला नारळ उचलायचीसुद्धा चोरी. गावातल्या घराघरांतला कर्ता पुरुष मुंबईला, आफ्रिकेत, नाहीतर बोटीवर. आमचे थोरले काका अठराव्या वर्षी बोटीवर गेले आणि चाळीस वर्षांत सगळे मिळून पाच वर्षेसुद्धा घरी राहिले नसतील. किनारा सुंदर होता, पण त्यावर आमचे पोट भरत नव्हते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराचा आणि भोवतालच्या थोड्या जागेचा हक्क मिळाला, तेव्हा आमच्या वडिलांनी मामलेदाराच्या कचेरीतून आलेला कागद देव्हाऱ्यात ठेवला होता. एवढे असूनही आज कोणी म्हणाला की जुने दिवस सोन्याचे होते, तर आम्हांला त्याला विचारावेसे वाटते, तुमचे घर भाटात होते की भाट तुमचे होते?

पैसा प्रथम आला तो अनवाणी पायांनी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेची तरुण मुले, इस्तंबूल-काबूलच्या वाटेने भारतात आलेली, कळंगुट, बागा, हणजुणे इथे येऊन राहू लागली. लांब केस, अंगावर कपडे असले तर असले. गावाने तोंडात बोटे घातली; पाद्रींनी आणि आमच्या भटजींनी, बहुधा प्रथमच, एकच मत दिले. पण आमच्या आईने मागची सारवलेली खोली महिना ४० रुपयांना दिली. त्यात राहिलेला मुलगा बासरी वाजवी आणि आमच्याबरोबर पेजेला बसे. तीन महिने भाडे दिले, चौथ्या महिन्यात न सांगता गेला आणि बासरी ठेवून गेला. ती अजून घरी आहे. त्या १२० रुपयांत आमच्या बहिणीची शाळेची फी आणि घराची चार ओळी कौले झाली. हिप्पींनी गोवा बिघडवला असे लिहिणाऱ्यांना आम्ही हा हिशेब सांगतो. आमच्या कौलांची पापे आम्ही मान्य करतो.

मग पायांत बूट घातलेले आले. १९७४ मध्ये आग्वादच्या जुन्या किल्ल्याच्या अंगाला ताजचे हॉटेल उघडले. १९८३ च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल देशांचे नेते तिथेच विश्रांतीला आले. त्यांच्यासाठी रस्ते डांबरी झाले, आणि आमच्या वाड्यावरचे विजेचे खांब रंगवले गेले. दोन वर्षांनी, १९८५ मध्ये, परदेशातून थेट दाबोळीला उतरणारी चार्टर विमाने सुरू झाली. त्यानंतर गावात वेगळी भाषा सुरू झाली. पूर्वी माणसे विचारत, भात किती झाले? आता विचारू लागली, खोल्या किती? चार खोल्यांचे आठ झाले, आठांचे वर मजला. आम्ही शाळामास्तर, आम्हीही कर्ज काढून सहा खोल्या बांधल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या सहा खोल्यांनी आमची दोन मुले शिकली, आईचे शेवटचे आजारपण निभावले. चतुर्थीच्या माटोळीला लागणारे आंबाडे, तोरिंगे, रानातली कांगले आम्ही लहानपणी सड्यावरून आणत होतो. आता म्हापशाच्या बाजारातून विकत आणतो, आणि विकत घ्यायला पैसे आहेत तेही त्याच खोल्यांचे.

कायदे झाले नाहीत असे नाही. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरांत बांधकाम नको, असे पत्र इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनाऱ्यावरील राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना लिहिले होते. १९९१ मध्ये किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. पुढे २०११ मध्ये नवी, २०१९ मध्ये आणखी नवी. आम्ही हे सारे कागद वाचले आहेत, कारण शेजारच्या रापणकाराला घराची पडवी दुरुस्त करायची होती आणि त्याचा अर्ज आम्ही लिहून दिला. परवानगी यायला दोन पावसाळे गेले. त्याच दोन वर्षांत समोरच्या टेकडीचा मर्यादवेलीसकट मैदान झाला आणि त्यावर आरामखुर्च्या आल्या. कोणी केले, कसे केले, ते इथे बोलण्याची जागा नव्हे.

रापणीचे मात्र सांगितले पाहिजे. लांबलचक जाळे होडीने समुद्रात अर्धवर्तुळ फिरवून आणायचे, आणि मग तीस-चाळीस माणसांनी दोन्ही टोके किनाऱ्यावरून ओढायची. ओढायला हात लावील त्याला वाटा. शाळेतून येताना आम्ही मुले दोरीला हात लावीत असू, आणि मूठभर तारले घेऊन घरी जात असू. यांत्रिक बोटी आल्या, जवळचा समुद्र खरवडला गेला, सत्तरीच्या दशकात रापणकारांनी मोठे आंदोलन केले, आणि १९८० मध्ये मच्छीमारी नियमनाचा कायदा झाला. कायदा झाला तोवर बरेच दोर सुकून गेले होते. आज त्याच कुटुंबांतली मुले पाहुण्यांना बोटीतून डॉल्फिन दाखवतात. त्यात कमाई जास्त आहे आणि बुडण्याचे भयही कमी. पण त्या मुलांपैकी एकाने आम्हांला विचारले, "मास्तर, आमच्या आजोबांना वाऱ्यावरून मासळी कळायची, ते कसे?" आम्हांला उत्तर देता आले नाही, आणि आजोबा तर गेलेले.

मासळीचा भाव तुम्हांला ठाऊकच आहे. फरक एवढाच की तुम्ही म्हापशात बाजारात भाव विचारता, आम्ही समुद्रावर बसून विचारतो, आणि तुमच्यापेक्षा जास्त ऐकतो. चांगली विसवण हॉटेलात जाते. आमच्या वाट्याला येते ती परगावच्या बर्फातून.

२००० सालच्या जूनमध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे जहाज वादळी समुद्रात कांदोळीच्या किनाऱ्याजवळ येऊन रुतले. आज काढतील, उद्या काढतील म्हणता म्हणता ते २०१२ पर्यंत तिथे होते. बारा वर्षे! आमच्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मुलांना समुद्र काढायला सांगितला की ती माड, सूर्य आणि गंजलेले जहाज काढीत. त्यांना वाटे समुद्रात जहाज असतेच. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे घेत. हा विनोदी भाग चिटणीसांसाठी.

आता पाण्याकडे येऊ. आमची विहीर आजोबांनी खोदलेली, चिऱ्यांनी बांधलेली. वाळूत मुरलेले पावसाचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, आणि तुम्ही हातरहाटाने जेवढे काढाल तेवढे पुन्हा भरून येते. पण शंभर खोल्यांचे हॉटेल कूपनलिकेला पंप लावून उपसू लागले की गोड्या पाण्याचा थर पातळ होतो आणि खालचे खारे पाणी वर सरकते. यात कोणाचा वाईट हेतू लागत नाही. आमच्या सहा खोल्यांचाही त्यात वाटा आहे. मार्च लागला की आमच्या विहिरीचे पाणी आता चहाला चालत नाही; दूध घातले की फाटल्यासारखे दिसते. नळ आहे, पण तो त्याच्या मर्जीने येतो. म्हणून ज्या गावाला पाणी विकत घ्यावे लागेल असे कोणी स्वप्नात पाहिले नसते, त्या गावात एप्रिलमध्ये सकाळी पहिला आवाज टँकरचा येतो.

आवाजावरून आठवले. मार्च २०२० मध्ये सगळे बंद झाले. विमाने बंद, शॅक बंद, रस्ते रिकामे. एप्रिलात एका रात्री आमची पत्नी उठून बसली आणि म्हणाली, हा कसला आवाज? कान देऊन ऐकले तर समुद्र. घरात अंथरुणावर पडून समुद्र ऐकू येण्याला पंचवीस-तीस वर्षे झाली असतील. आम्ही दोघे बराच वेळ ऐकत राहिलो. आणि हेही सांगतो, की तिसऱ्या रात्री तोच आवाज ऐकत आम्ही बँकेच्या हप्त्याचा हिशेब करीत होतो. खोल्या रिकाम्या, हप्ता चालू. शांतता हवी आणि पाहुणाही हवा, असे आमचे झाले आहे. याचा निवाडा आम्हांला आजवर करता आलेला नाही.

त्या साथीनंतर जे झाले ते मात्र पूर्वीच्या कशासारखे नाही. दिल्ली, मुंबई, बंगळूर इथल्या पैसेवाल्या मंडळींना कळले की घरी बसून काम करता येते, तर ते घर समुद्राजवळ का नसावे? आसगाव, शिवोली, पर्रा, साळगाव, जिथे पाहुणा कधी मुक्कामाला थांबत नसे, तिथे जुनी घरे विकली जाऊ लागली. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळही चालू झाला. पूर्वीचा पाहुणा येऊन जात असे. हा पाहुणा विकत घेतो आणि वर्षातले दहा महिने कुलूप लावून जातो. आमच्या वाड्यावर संध्याकाळी दिवा लागणारी घरे आम्ही एकदा मोजली. आम्ही लहान असताना २३ होती. या वर्षी ९ लागली. बाकीच्या घरांत दिवे आहेत, पण ते पाहुण्यांचे, किंवा आपोआप लागणारे आणि आपोआप विझणारे.

आपल्यातले काही म्हणतील, विकणारे आम्हीच ना? होय, आम्हीच. पण विकणे कसे घडते ते ऐका. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा आहे. मुलगा-मुलगी सर्वांना सारखा हिस्सा. हा कायदा न्याय्य आहे, आमच्या बहिणींनी त्याचा मान ठेवून घेतला आणि आम्हीही ठेवला. पण तीन पिढ्या वाटणीचा दावा न करता गेल्या की एका घराचे तीस मालक होतात. कोणी कॅनडात, कोणी पुण्यात, कोणी लिस्बनला. जो घरात राहतो त्याला छप्पर दुरुस्त करायला तीस जणांची वर्गणी मिळत नाही. मात्र दलाल आला की तीस सह्या सहा महिन्यांत गोळा होतात. राहणाऱ्याच्या वाट्याला तिसावा हिस्सा येतो, आणि त्या पैशात त्याला त्याच गावात न्हाणीघराएवढी जागासुद्धा मिळत नाही. तो म्हापशाच्या पलीकडे एका खोलीत जातो, आणि रोज सकाळी दुचाकीने परत गावात येतो, हॉटेलात कामाला. अशी चार कुटुंबे आमच्या ओळखीची आहेत, आणि त्यांतील दोन या ट्रस्टची सभासद आहेत. त्यांची नावे घेणार नाही; ती मंडळी इथे बसली आहेत.

गावात राहतो तो मग कोण? आम्ही ३७ वर्षे मराठी प्राथमिक शाळेत शिकवले. आमच्या घरात कोकणी, देवळाच्या भजनात आणि शाळेत मराठी, असा आमचा व्यवहार. त्यात कधी अडचण वाटली नाही. शेवटच्या दहा वर्षांत आमच्या वर्गात आपल्या लोकांची मुले तीन-चार उरली. पालकांनी इंग्रजी शाळा पाहिल्या, त्यांस दोष देत नाही. आमच्या नातवंडांनीही तेच केले. पण वर्ग रिकामा राहिला नाही. गदग-कोप्पळकडच्या गवंड्यांची, उत्तर प्रदेशच्या रंगाऱ्यांची, झारखंडच्या स्वयंपाक्यांची मुले येऊन बसली. कानडी घरातली एक मुलगी पसायदान असे स्वच्छ म्हणे की आमच्या डोळ्यांत पाणी येई. तिचे वडील ज्या इमारतीला विटा लावीत होते तिच्याच आवारात पत्र्याच्या खोपटात ती राहत होती. इमारत पुरी झाली, खोपटे मोडले, आणि मुलगी वर्षाच्या मध्येच गेली. हजेरीपटावर तिच्या नावापुढे आम्ही ‘गाव सोडले’ असे लिहिले. कोणते गाव, असा प्रश्न तेव्हा मनात आला होता.

६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री शेजारच्या हडफडे गावात एका नाइट क्लबला आग लागली आणि २५ माणसे दगावली. त्यांतील बहुतेक तिथले कामगार होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा दूरदूरच्या मुलखांतले. वर्तमानपत्रांत परवान्यांची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी होती. आमच्या वाड्यावर मात्र एक वेगळीच गोष्ट घडली. मेलेल्यांपैकी कोणी आपल्या खोल्यांत भाड्याने राहत होता का, हे घरमालक एकमेकांना विचारत होते, आणि बऱ्याच जणांना आपल्या भाडेकरूंची पुरी नावेच ठाऊक नव्हती. आमच्या मागच्या खोलीत त्या वेळी सहा मुलगे राहत होते. त्यांतील दोघांचीच नावे आम्हांला येत होती. आम्ही त्या रात्री जाऊन उरलेली चार विचारून घेतली.

आता ठरावाचे.

ज्या माईंनी ते घर ट्रस्टला दिले, त्यांना पाहिलेली माणसे सभागृहात पाच-सहा तरी असतील. बालविधवा, हातात काठी, शब्द कडक. १९७८ मध्ये त्यांनी आठ खोल्यांचे घर, विहीर आणि अकरा माड ट्रस्टच्या नावे केले. आपल्या माणसाला समुद्रकाठी उतरायला जागा असावी, एवढाच त्यांचा हेतू होता. आपली शांतादुर्गा सोळाव्या शतकात देवळे मोडली तेव्हा कळंगुट सोडून डिचोली महालात नानोड्याला गेली, आणि आजही कळंगुटकरीण म्हणूनच ओळखली जाते. माई म्हणत, देवी गेली, पण तिच्या माणसाला इथे येता-जाता पाय टेकायला चार हात भुई हवी. पुष्कळ वर्षे घराचा तसा उपयोग झाला. पुढे ज्याला समुद्र पाहायचा तो हॉटेलात उतरू लागला, आणि घराला कुलूप लागले. दिवा न लागणाऱ्या घरांच्या आमच्या मोजणीत, मंडळी, आपलेही घर आहे.

त्याला आता मागणी आली आहे. आकडा सर्वांना ठाऊक आहे. तो ऐकून आम्हांसही क्षणभर बसावे लागले. विकण्याच्या बाजूने जे बोलतात ते लोभी आहेत, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्या पैशाच्या व्याजावर आपल्या सगळ्या होतकरू मुलांच्या कॉलेजची फी भागेल. दरवर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज आम्हीच तपासतो, आणि कोणाला नाही म्हणावे लागते ते आम्हांला माहीत आहे. एका मुलीला गेल्या वर्षी नर्सिंगसाठी पुरी मदत देता आली नाही, तिचे पत्र आमच्या खिशात आहे. म्हणून हा प्रश्न सोपा नाही, आणि सोपा आहे असे जो म्हणेल त्याच्यावर, मग तो कोणत्याही बाजूचा असो, विश्वास ठेवू नये.

तरी आमचे मत घर ठेवावे असे आहे. आणि ठेवायचे तर कुलूप लावून ठेवायचे नाही. आठांपैकी सहा खोल्या जोडून तीन बिऱ्हाडे होतात. ज्यांचे काम गावात आणि राहणे गावाबाहेर अशा आपल्या सभासदांना ती झेपेल अशा भाड्याने, ठरावीक वर्षांच्या कराराने द्यावीत. एक खोली येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, माईंच्या शब्दासाठी. आणि रस्त्याकडची मोठी खोली संध्याकाळी दोन तास मुलांना अभ्यासाला उघडावी. मुले कोणाची, हे विचारू नये. शिकवायला आम्ही आहोत, पगार नको. यातून ट्रस्टला मिळणारे उत्पन्न विक्रीच्या व्याजापुढे अगदी किरकोळ असेल. छपराच्या दुरुस्तीला पहिली दोन वर्षे उलट पदरचे घालावे लागेल. शिष्यवृत्तीची तूट भरून काढायला वर्गणी वाढवावी लागेल, आणि ती वर्गणी खोल्या भाड्याने देणाऱ्या आम्हा किनाऱ्यावरच्या सभासदांकडून जास्त घ्यावी, असे आम्ही लेखी सुचवले आहे. आमच्या शेजाऱ्यांपैकी दोघे या सूचनेनंतर आमच्याशी चार दिवस बोलले नाहीत. आता बोलतात.

सभेत विरुद्ध मत पडले तर आम्ही ते मानू. पण मत देण्यापूर्वी सभासदांनी घर डोळ्यांनी पाहावे, एवढी विनंती आहे. बऱ्याच जणांनी फक्त सातबाराएवढा कागद आणि आकडा पाहिला आहे. किल्ली आमच्याकडे असते. येत्या रविवारी सकाळी नऊपासून घर उघडे ठेवू. वाहन चर्चजवळ ठेवून चालत यावे, पुढे जागा मिळत नाही. मागच्या दाराची पायरी हलते, वयस्करांनी जपून. विहिरीचे पाणी काढून ठेवू. या महिन्यात ते अजून गोडे आहे, ज्याला हवे त्याने पिऊन पाहावे.